शेवटी येईल तो भाई

निमगाव केतकी,
१४ डिसेंबर २०२५

इंदे,

कागद पाहून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून पत्र का, तर माझा फोन अविराजनं बसवून दिलाय. त्यात बोललेलं सगळं आपोआप रेकॉर्ड होतं आणि नातू ते ऐकत बसतो. त्याच्या कौतुकाचे चार शब्द त्याच्याच कानावर कशाला घालू? पोरं शेफारतात. शेजारचा माऊली एक दिवसाआड टेम्पोत वांगी-डाळिंबं भरून बारामतीच्या मार्केटला येतो, पत्र त्याच्याकडे दिलंय. उत्तरही त्याच्याच हाती दे. त्याला चहा पाज, पण बिस्किटांचा पुडा समोर ठेवू नकोस, अख्खा संपवतो.

तर बातमी अशी की आपला अविराज मोठा माणूस झाला. एसटी स्टँडसमोर दुमजली घराएवढा फ्लेक्स लागलाय आणि त्यावर त्याचा फोटो आहे! गावात नवं मंडळ निघालंय, 'ढाण्या ग्रुप' नावाचं. सूरज नावाचा मुलगा अध्यक्ष. त्याच्या वाढदिवसाचा तो बोर्ड. मध्ये सूरज, डोळ्यांवर काळा चष्मा, कानाला फोन. खाली चाळीस पोरांचे फोटो, त्यात दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरा आपला. सुनेला म्हटलं, अनिता, बघ, पोराला समाजकार्याची गोडी लागली. फेब्रुवारीत त्याचं पोलीस भरतीचं ग्राउंड आहे. दोन वर्षं झाली, रोज उठून सोळाशे मीटर पळतोय, आणि त्यातून वेळ काढून हे मंडळाचं काम करतो.

वाढदिवसाचा केक मात्र पोरांनी कोयत्यानं कापला. घाईत सुरी सापडली नसेल.

तुझा नातू पुष्कर कसा आहे?

तुझी,
चंद्रा

बारामती,
१७ डिसेंबर

प्रिय चंद्रे,

माऊलीनं दीड पुडा संपवला. तू आधी सांगायला हवं होतंस म्हणावं तर पत्र त्याच्याच खिशात होतं.

आता नीट ऐक. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यातली दहा मुख्याध्यापिका म्हणून काढली. मंडळ कोणतं आणि टोळी कोणती हे मला चष्म्याशिवायही कळतं. केक कोयत्यानं घाईत कापत नाहीत, मुद्दाम कापतात, आणि त्याचा व्हिडिओ काढतात. तुझा अविराज समाजकार्य करत नाहीये. तो टोळीत आहे.

यात गंमत नाही. भरतीत निवड झाली तरी नंतर चारित्र्य पडताळणी होते. हाणामारीचा एक गुन्हा नावावर पडला की पोरानं दोन वर्षं गाळलेला घाम पाण्यात जाईल. पण रागावू नकोस, रागावलीस तर तो आणखी त्यांच्यात जाईल. आधी ती टोळी चालते कशी ते बघ. हुकूम कोण देतो, पाळतं कोण, आणि पोरं तिथं राहतात कशासाठी. मग उपाय सुचेल.

आमचा पुष्कर सुदैवानं असल्या भानगडीत नाही. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दर रविवारी मोटारसायकल काढून निरवांगीला मामाकडे जातो, तेवढीच त्याची करमणूक. शेतीची ओढ आहे म्हणतो. आमचे हे म्हणतात, मुलावर लहानपणी संस्कार झाले की पुढे काळजी राहत नाही. दत्तोपंतांचं एरवी मला काही पटत नाही, हे मात्र पटतं.

तुझी,
इंदिरा

निमगाव केतकी,
२९ डिसेंबर

इंदे,

तू म्हणालीस तसंच निघालं. दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. मग म्हटलं, रडून काय होणार? आमच्या विहिरीवर मोटारीची खोली आहे, तिच्यापुढेच या पोरांची बैठक असते. आठ दिवस पिठलं-भाकरी घेऊन तिथं जात राहिले. खाताना माणूस खरं बोलतो.

सूरज भाई आहे. भाई काय काम करतो, तर काहीच नाही, आणि तेच त्याचं काम. स्वतःची गाडी स्वतः चालवत नाही, मागे बसतो. पाण्याचा तांब्या हातानं उचलत नाही. आणि कुठंही जायचं असलं तर सगळ्यांच्या शेवटी जातो. आधी पोरं जमतात, मग फोन जातो, 'भाई, पब्लिक जमलंय', मग भाई निघतो. तो येईपर्यंत कुणी मोठ्यानं बोलायचंसुद्धा नाही, हात उचलणं तर लांबच. याला ते एन्ट्री म्हणतात. दोन पोरं मोबाईल धरून त्याचं चालत येणं टिपतात. नीट जमलं नाही तर भाई बांधापर्यंत मागे जाऊन पुन्हा चालत येतो. परवा तीनदा आला बिचारा.

त्याच्या खाली एक उजवा हात आणि एक डावा हात. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. मला वाटलं भांडण असेल. पण सूरजच एकाच्या कानात दुसऱ्याचं घालतो. दोघांचं गूळपीठ जमलं तर भाईला विचारतो कोण? माझ्या सासूनं आम्हा तिघी जावांना असंच ठेवलं होतं आणि चाळीस वर्षं राज्य केलं. सूरजला हे कुणी शिकवलं देव जाणे.

शिक्षा म्हणशील तर मारत नाहीत. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून काढून टाकतात. मल्हार नावाचं पोर भाईच्या आधी हसलं म्हणून तीन दिवस बाहेर होतं. त्याची आई माझ्याकडे आली, म्हणाली, "काकी, पोरगं जेवंना झालंय, सूरजला जरा सांगा." मी सांगितलं. सूरजनं ऐकलं. आता बायका माझ्याकडे आणखी अर्ज घेऊन यायला लागल्यात.

अविराजला विचारलं, बाबा, तू कशाला राहतोस यांच्यात? म्हणाला, "आज्जे, एकट्याला स्टँडवर कुणी वळखत न्हाय. चाळीस जण मागं असलं की हाटेलवाला खुर्ची पुसून देतो."  गावात एवढी माणसं, आणि पोराला खुर्ची पुसून मिळायला टोळी लागते.

चंद्रा

बारामती,
२ जानेवारी २०२६

चंद्रे,

अहवाल उत्तम. माझ्या शाळेतल्या एकाही शिक्षकानं मला एवढा व्यवस्थित अहवाल कधी दिला नाही.

पण तुझ्या लक्षात आलंय का, की चाळीस पोरांना रोज जेवू कोण घालतं? शिक्षा माफ कोण करवून घेतं? तू पोराला टोळीतून काढायला गेलीस का टोळीचा मुदपाकखाना चालवायला? आजपासून पिठलं बंद कर. बसायला सावली आणि खायला भाकरी नसली की टोळी आपोआप पांगते.

इंदिरा

निमगाव केतकी,
१९ जानेवारी

इंदे,

पिठलं बंद केलं. तीन दिवस. चौथ्या दिवशी सगळी पोरं घरी आली. कुणी काही मागितलं नाही, अंगणात बसून माझ्या वाळवणाच्या मिरच्यांची देठं खुडायला लागली. पाच किलो मिरच्या तासाभरात मोकळ्या झाल्या. डोळे चोळत होती, पण उठत नव्हती. मग मी काय करणार, पुन्हा भाकरी थापायला बसले.

आणखी एक सांगायचं राहिलं. नवीन फ्लेक्सवर माझाही फोटो आहे. 'आधारस्तंभ : चंद्राआज्जी'. मी पोरांना भरपूर झापलं. फोटो मात्र चांगला आलाय.

आता खरी गोष्ट. त्याच फ्लेक्सवर निरवांगीच्या पोरांनी आपला फ्लेक्स चढवला, तो नेमका सूरजच्या तोंडावर. त्यांचा 'बेफाम ग्रुप'. आमच्यांनी तो फाडला. त्यावरून ठरलंय की रविवारी, एक फेब्रुवारीला, सकाळी अकराला, दोन्हीकडच्यांनी कालव्याकाठी जमायचं. म्हणजे माझ्याच ज्वारीच्या रानाशेजारी. 'मॅटर' करायचा म्हणतात, मारामारी म्हणत नाहीत. अविराजचं ग्राउंड तीन तारखेला आहे! आणि या मॅटरसाठी सूरजनं त्याला उजवा हात केलंय. मी पाया पडले पोराच्या, जाऊ नकोस म्हणून. म्हणाला, "आता कसा मागं सरू? मग चाळीस जण मलाच हुडकत येतील." इंदे, मला फार भीती वाटतेय. पोलिसांत तक्रार द्यावी तर नाव त्याचंच पहिलं येणार.

बेफाम ग्रुपचा भाई कोण आहे ते मात्र विचारू नकोस.

चंद्रा

बारामती,
२१ जानेवारी

चंद्रे,

विचारू नकोस म्हणजे काय? त्याचं नाव कळव. मी स्वतः त्याच्या घरच्यांना जाऊन भेटते. पोरं दांडकी घेऊन फिरतात तेव्हा ही माणसं झोपा काढतात का? असल्या घरांत आई-वडील, आजी-आजोबा यांचं लक्ष कुठं असतं हे मला एकदा बघायचंच आहे.

इंदिरा

निमगाव केतकी,
२३ जानेवारी

इंदे,

त्या फाटक्या फ्लेक्सचा मधला तुकडा घडी घालून पाठवतेय. लाल जाकीट, चष्मा, खाली लिहिलंय 'प्रिन्सभाई, बारामती'. दर रविवारी मोटारसायकलवरून निरवांगीला येतो.

घरच्यांना भेटायला लांब जावं लागणार नाही. महिनाभर मला माहीत होतं. तुला सांगायला जीभ उचलली नाही.

चंद्रा

बारामती,
२७ जानेवारी

चंद्रे,

तुकडा कपाटात कुलपात ठेवला आणि दोन दिवस अंथरूण धरलं. पुष्करनं विचारलं, आजी, बरं नाही का? मी म्हटलं, दाढ दुखते. ते जाकीट मीच त्याला दिवाळीला घेतलं होतं. आपला तो बाब्या आणि लोकाचं ते कार्टं, या म्हणीचा अर्थ मी तीस वर्षं मुलांकडून पाठ करून घेतला. यांना अजून सांगितलेलं नाही, रक्तदाब आहे.

आता रडणं पुरे. तुझं डिसेंबरचं पत्र काढून पुन्हा वाचलं. भाई शेवटी येतो आणि तो येईपर्यंत कुणी हात उचलत नाही, हे तूच लिहिलंयस. मग मला आमचं एक स्नेहसंमेलन आठवलं. मी चुकून दोन प्रमुख पाहुणे बोलावले होते. दोघांनाही एकमेकांची कुणकुण लागली. आधी पोचेल तो लहान ठरणार! एक गाडीत बसून राहिला रस्त्याच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. दोन वाजेपर्यंत पोरं उन्हात. शेवटी बक्षीस समारंभ आमच्या भिमा शिपायाच्या हस्ते उरकला.

पुष्करला जाऊ नकोस म्हटलं तर तो खिडकीतून जाईल. मी तसं म्हणणारच नाही. मी म्हणेन, जा की, पण मोठी माणसं आधी जाऊन ताटकळत नाहीत. तू सूरजच्या कानात हेच घाल. दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतील. मॅटर सुरू करायला भाईच नसेल.

तोवर दोन्हीकडच्या पोरांना गुंतवून ठेवायचं काम तुझं. मी म्हणाले होते पिठलं बंद कर, ते मागे घेते.

तुझी,
इंदिरा

निमगाव केतकी,
२ फेब्रुवारी

इंदे,

सगळं सांगते. हात अजून भाजलेत, अक्षर समजून घे.

शनिवारीच सूरजला गाठलं. म्हटलं, "सूरजराव, भाई माणसानं आधी जाऊन हुबं ऱ्हायाचं नसतं. त्यो बारामतीवाला येऊन वाट बघत बसूंदे." सूरज म्हणाला, "व्हय आज्जी, बराबर हाय." मी खूश.

रविवारी दहापासून मी रानाच्या कडेला आगटी पेटवून बसले. यंदा हुरड्याला कणसं उशिरा आली, ती देवानंच उशिरा आणली असतील. अकराला पोरं आली. कालव्याच्या या अंगाला आमची चाळीस, त्या अंगाला त्यांची तीस. कुणाकडे काठी, कुणाकडे हॉकीचं दांडकं. मध्ये मी आणि माझ्या गोवऱ्या. पोरं एकमेकांकडे डोळे वटारून उभी होती, पण भाई नाही, तर सुरुवात कुणी करायची? साडेबारा झाले. ऊन चढलं. इकडचा मल्हार तिकडच्यांना ओरडून विचारतो, "तुमचा आला का रं?" तिकडून उत्तर, "तुमचा येऊंदे की आधी!"

एक वाजता मी आगटीतून पहिली कणसं काढली. वास सुटला. आमची चार पोरं जवळ आली. मी कणसं हातात दिली आणि तुला सांगते, हुरडा चोळायला दोन्ही हात लागतात. काठी खाली ठेवल्याशिवाय खाताच येत नाही. मग तिकडच्यांनाही हाक मारली, "या रं, तुमच्या भाईला काय समजत न्हाय." पुलावरून एकेक येत सगळी आली. अनिता शेंगदाण्याची चटणी आणि दह्याचं गाडगं घेऊन पळत आली. गोवऱ्या संपल्या तेव्हा बेफाममधल्याच एकानं आपलं दांडकं गुपचूप आगटीत सरकवलं. तीन वाजता सगळी तोंड पुसून आपापल्या घरी गेली.

मी मनात म्हटलं, चंद्रे, सासूवरताण केलीस! अविराज आगटीची राख सारत होता. त्याला म्हटलं, "बघ, तुझ्या आज्जीनं कसा पेच टाकला." तर पोरगं हसायला लागलं. म्हणालं, "आज्जे, सूरजभाई तुझं ऐकून घंटाभरबी बसला न्हाय. साडेअकरालाच निघाला व्हता. मी फोन केला, भाई, थांबा, प्रिन्स अजून आला न्हाय. बाराला प्रिन्सचा फोन. त्यालाबी त्येच सांगितलं. सतरा फोन झालं. उजवा हात हाय न मी, दोन्हीकडचं बोलणं माझ्याच हातात."

 म्हटलं, अरे, मग आधीच सोडायचं होतंस ना यांना! तर माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "ह्येच्यात शिरताना कुणी अडवत न्हाय, आज्जे. निघताना मातुर सगळ्यांच्या म्होरनं जावं लागतं. मला भ्या वाटत व्हतं."  मी त्याला पोटाशी धरलं आणि दोघंही रडलो.

आज दुपारी तो ग्राउंडसाठी पुण्याला गेला. ग्रुपमधून सकाळीच स्वतःहून बाहेर पडला, सगळ्यांना दिसेल असा.

चंद्रा

बारामती,
५ फेब्रुवारी

प्रिय चंद्रे,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. रक्तदाब वाढला नाही. उलट म्हणाले, हुरड्याला आपल्याला का बोलावलं नाही?

आता आमच्या प्रिन्सचं ऐक. सकाळी दहाला लाल जाकीट घालून, चष्मा लावून तयार. मी पोहे पुढे केले आणि ठरलेलं वाक्य टाकलं. थांबला. बाराला त्याला अविराजचा निरोप मिळाला असणार, पुन्हा बसला. हॉलमधल्या खुर्चीत चष्मा लावून चार वाजेपर्यंत बसला होता. दर पंधरा मिनिटांनी गाडीची किल्ली उचलायचा आणि ठेवायचा. चारला त्याच्या पोरांनी मोबाईलवर फोटो टाकला, सगळे तोंडाला राख लावून हुरडा खातायत. तो फोटो त्यानं किती वेळ बघितला. मग चष्मा काढून मला म्हणाला, "आजी, मोठी माणसं शेवटी जातात म्हणालीस. पण तोपर्यंत ती एकटीच बसतात का गं?"

 थंड झालेले पोहे गरम केले आणि त्याच्याबरोबर मीही खाल्ले. या रविवारी तो तुझ्याकडे येईल. कान उपट, पण जेवू घाल.

अविराजच्या ग्राउंडचं कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
इंदिरा

निमगाव केतकी,
१७ मे

इंदे,

यादीत नाव लागलं! ग्राउंडला चांगला पळाला होता, लेखीतही निघाला. पेढे माऊलीकडे दिलेत, बॉक्स मोजून घे.

पण मला तुला कालची गोष्ट सांगायची आहे. पडताळणीसाठी हवालदार घरी आले होते. ओसरीवर बसले, कागद काढला, नाव-गाव लिहिलं. मग विचारलं, "आजी, पोरगं कुठल्या गँगबिंगमधी व्हतं का?" अनिता घाईनं म्हणाली, "न्हाय न्हाय, आमचं पोर तसलं न्हाय." अविराज दाराआड उभा होता, त्याचा चेहरा मला दिसत होता. एका शब्दावर त्याचं सगळं होतं.

मी म्हटलं, "व्हतं."

अनितानं कपाळावर हात मारला. हवालदारानं पेन थांबवलं. मग मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, उजवा हात, कालवा, सत्तर पोरं, सतरा फोन. आधारस्तंभ मी होते हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "सत्तर पोरं दांडकी घेऊन आली, आन एकालाबी खरचटलं न्हाय?" म्हटलं, "हुरड्यानं जिभा भाजल्या तेवढ्याच." त्यांनी मान हलवली. "मग मी काय लिवू, आजी? ह्येच्यात गुन्हा कुठं हाय?" कागदावर लिहिलं, गुन्हा दाखल नाही, आणि चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर अनिता माझ्यावर चिडली, तिचं बरोबरच आहे. अविराज मात्र हळूच बाहेर आला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "आज्जे, न्हाय म्हणली असतीस तर काय बिघडलं असतं? माझं समदं गेलं असतं की आत्ता."

म्हटलं, "पोलीस व्हायला निघालायस, आन तुझ्या नावचा पयला जबाबच खोटा द्यायचा व्हय रं?"

तुझी,
चंद्रा